एका बाजूने झाडलेला रस्ता

१

चंद्रशेखर देवस्थळी अमेरिकेत नेमकं काय करतो, हे पुण्यातल्या नातेवाइकांना कधीच नीट उमगलं नाही. सिव्हिल इंजिनियर आहे, सरकारी रस्ते खात्यात आहे, एवढ्यावर भागत असे. मग एकदा त्याच्या बायकोने, मृणालिनीने, फोनवर सासूबाईंना सांगून टाकलं, "आई, हे इथे बर्फ झाडतात." त्या माउलीने ही बातमी शेजारीपाजारी कुणाच्या कानावर जाऊ दिली नाही.

पण ते खोटं नव्हतं. न्यू यॉर्क राज्याच्या वरच्या टोकाला, मोठ्या सरोवराच्या काठी त्याची काउंटी, म्हणजे जिल्हा, होती. तिथे सरोवरावरून वारा सुटला की बर्फ पडत नसे, ओतला जाई. अशा वेळी कुठला ट्रक कुठल्या रस्त्यावर जाईल, बर्फ वितळवायला मीठ कुठे टाकायचं, चाकं घसरू नयेत म्हणून वाळू कुठे, हे चंद्रशेखर ठरवी. पुढे लोखंडी पातं लावलेल्या त्या ट्रकला सगळे प्लाऊ म्हणत. प्रत्येक प्लाऊचा रस्ता ठरलेला असे. जाताना उजवी बाजू झाडायची, टोकाला वळायचं, रेडिओवर तसं कळवायचं आणि दुसरी बाजू झाडत परत यायचं. शेवटचा ट्रक आवारात येईपर्यंत चंद्रशेखर रेडिओ बंद करत नसे.

एरवी तो मिठ्ठास बोलणारा, गरीब स्वभावाचा माणूस. पण बर्फाचा विषय निघाला की त्याच्या अंगात मास्तर संचारे. दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, भारतातून नुकतं आलेलं जोडपं दिसलं, की हा ताटातली पुरी तशीच ठेवून सुरू होई. वादळात प्लाऊ दिसला तर त्याच्या मागे लागा, अंतर ठेवा, पण सोडू नका. रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवू नका. आणि अडकलातच तर काच बोटभर खाली करून आत बसून राहा, गाडीतून उतरू नका. बसून राहिलेला माणूस सापडतो. उतरून चालू लागलेला बर्फ वितळल्यावर सापडतो.

"एवढं ऐकल्याशिवाय आमच्याकडे जेवण मिळत नाही," मृणालिनी पाहुण्यांना सांगे. ती गावच्या इस्पितळात मुलांची डॉक्टर होती आणि कुठल्याही हवेत तिला बाहेर पडावं लागे. नवऱ्याची टिंगल करायची एक संधी ती सोडत नसे, पण त्याचे नियम तिने एकदाही मोडले नव्हते. चंद्रशेखरला त्याचा फार आधार वाटे.

२

चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत एका वादळानंतरच्या सकाळी तो नेहमीसारखा पाहणीला निघाला. आभाळ निवळलं होतं, रस्ते छान झाले होते, आणि कुणी पाहत नसताना माणूस स्वतःवर जितका खूश असतो तितका तो खूश होता. तेवढ्यात त्याला डावीकडे मिल हॉलो रोड दिसला, आणि तो झाडलेला होता.

मिल हॉलो रोड कुणीच झाडत नसे. झाडायचं कशासाठी? हमरस्त्यावरून फुटून तो झाडीतून उतरत जाई आणि धरणाच्या पाण्यात शिरे. फार पूर्वी तिथे एक वस्ती होती. धरण झालं तेव्हा ती पाण्याखाली गेली आणि रस्त्याचं पुढचं टोकही तिच्याबरोबर गेलं. पाण्याच्या अलीकडे खात्याने लोखंडी फाटक लावून ठेवलं होतं. हिवाळ्यात तिकडे काळं कुत्रंसुद्धा फिरकत नसे.

आपल्यातल्याच कुणीतरी डिझेल उधळलंय, या रागाने त्याने गाडी आत घातली. काम मात्र फर्मास झालं होतं. पातं अगदी डांबराला घासून गेलं होतं, बर्फाचा बांध सरळ रेषेत उजवीकडे पडला होता. फक्त मीठ नव्हतं. मिठाच्या जागी काहीतरी काळं पसरलं होतं, आणि टायरखाली ते करकरत होतं. त्याने उतरून चिमटीत घेतलं. कोळशाची जाड राख होती. राख टाकायची पद्धत तो नोकरीला लागण्यापूर्वीच बंद पडली होती.

तिथे उभा असताना त्याला खरी गोष्ट दिसली. रस्त्याची एकच बाजू झाडलेली होती. जाणारी. येणाऱ्या बाजूवर गुडघाभर बर्फ होता, गुळगुळीत, त्यावर पाखराचं पाऊलही नाही.

जो प्लाऊ गेला, तो परत आलेला नव्हता.

तो फाटकापर्यंत गेला. फाटक बंद होतं, साखळी-कुलूप जागच्या जागी, आणि आडव्या दांड्यांवर रात्रीचा बर्फ भुसभुशीत, न हललेला. झाडलेला पट्टा फाटकाला भिडला होता. आणि फाटकापलीकडे तसाच पुढे गेला होता, काठावरून उतरून थेट गोठलेल्या पाण्यावर.

चंद्रशेखर शिकलासवरलेला माणूस होता. त्याने मनाशी म्हटलं, कुणाकडे तरी किल्ली असणार. मग वाऱ्याने फाटकावर पुन्हा बर्फ बसवला असणार. कारणं चांगली होती. तरी गाडीकडे परतताना त्याने पाण्याकडे पाठ केली नाही, तिरका तिरका चालत गेला, आणि स्वतःला असं चालताना पाहून त्याला लाज वाटली.

३

"आपला कुणी नाही," बर्नी म्हणाला. बर्नी हा गॅरेजचा मुकादम, अघळपघळ आणि कायम काहीतरी चघळणारा; चंद्रशेखरचं त्याने शेक करून टाकलं होतं. "तिथे कोण मरायला जाईल, शेक? असेल कुणी शेतकरी. हल्ली सगळे आपापल्या पिकअपला पातं लावून घेतात."

"पिकअपचं पातं एवढं रुंद नसतं."

"मग मोठी पिकअप असेल," बर्नी म्हणाला आणि डोनटच्या खोक्याकडे वळला.

पुढच्या वादळात चंद्रशेखरने सगळे ट्रक आवारात आल्याचं स्वतः फिरून पाहिलं, बॉनेटवर हात ठेवून पाहिलं. मग उजाडल्यावर तो मिल हॉलोला गेला. पुन्हा तेच. स्वच्छ झाडलेली एक बाजू, काळी राख, बंद फाटक. पण या वेळी राखेवर आणखी एक खूण होती. प्लाऊच्या जाड चाकांच्या मधोमध अरुंद टायर उमटले होते. साधी, घरगुती गाडी. प्लाऊच्या मागोमाग ती खाली गेली होती, आणि तीही परत आली नव्हती.

तो फाटकाशी बराच वेळ उभा राहिला. वारा पडलेला होता. दूर खाली, बर्फ झालेल्या पाण्यावर कुठेतरी टायरच्या साखळ्या खुळखुळल्या. मग पातं घासल्याचा आवाज आला. हा आवाज त्याच्या इतका ओळखीचा होता की झोपेतसुद्धा चुकला नसता. समोर नजर पोचेल तिथवर काहीही हलत नव्हतं.

शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ऑफिसातला माणूस फोनवर सभ्यपणे बोलला. कुणी हरवल्याची तक्रार नव्हती. लोक बर्फावर गाड्या घालतात, मासे धरतात, पलीकडच्या काठाने बाहेर पडतात. आणखी काही?

आणखी काही नव्हतं. रात्री जेवताना त्याने मृणालिनीला अर्धीच गोष्ट सांगितली.

"म्हणजे कुणीतरी तुमचा रस्ता फुकटात झाडून देतंय आणि तुम्ही तोंड पाडून बसलाय," ती म्हणाली. "थँक यू म्हणा की."

तो हसला. गाडीच्या खुणांचं त्याने सांगितलं नाही. सांगायचं तर पुढे काय म्हणणार होता? की प्लाऊच्या मागे जाऊ नकोस? जे वर्षानुवर्षं प्रत्येक पॉटलकला घसा फोडून सांगितलं, ते एका रस्त्यापायी कसं मागे घ्यायचं? त्याला भीती वाटत होती, पण हसं होण्याची भीती अंमळ जास्त होती. तो भात कालवत राहिला.

४

फेब्रुवारीतली ती दुपार. सकाळी मृणालिनीच्या गाडीची बॅटरी बसली होती म्हणून ती त्याची, खात्याचा रेडिओ बसवलेली गाडी घेऊन इस्पितळात गेली आणि त्याला बर्नीने घरून उचललं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसतीच भुरभुर होती. मग सरोवरावरून भिंत चालत यावी तसा बर्फ आला आणि गॅरेजच्या खिडकीतून समोरचा मिठाचा ढीग दिसेनासा झाला. अंधार नव्हता, पण पांढरं काहीतरी डोळ्यांवर बांधल्यासारखं झालं होतं. अशा हवेत ड्रायव्हरला स्वतःचं पातं दिसत नाही. चंद्रशेखरने सगळे प्लाऊ परत बोलावले. एकेक करून सगळे आले, आवार भरलं, ड्रायव्हर कॉफीभोवती जमले. त्याने मृणालिनीला फोन लावला, तर ती नुकतीच निघाली असं कळलं.

तो रेडिओसमोर बसला.

"अहो, ऐकताय का?" रेडिओ खरखरला. "मी बोलतेय. ओव्हर-बिव्हर काय म्हणायचं ते म्हटलं असं समजा."

"मृणाल, कुठे आहेस तू?"

"हमरस्त्यावरच असणार. काही म्हणजे काही दिसत नाही. पण टेन्शन घेऊ नका, तुमचा प्लाऊ मिळालाय. मस्त मागे मागे चाललेय."

खोलीतले ड्रायव्हर बोलत होते, हसत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं. चंद्रशेखरने खिडकीकडे पाहिलं. आवारात एकही जागा रिकामी नव्हती.

"मृणाल, त्याचा नंबर वाच."

"बर्फाने झाकलाय. मागे एक तांबडा दिवा लावलाय फक्त, मिणमिणता. तुमच्या खात्याने जरा बरे दिवे घ्यावेत."

"टायरखाली कसं वाटतंय?"

"म्हणजे?" ती जरा थांबली. "करकरतंय. मीठ संपलं का तुमचं? काळं काहीतरी आहे. आणि आपण उतारावर कसे? आपल्या वाटेत एवढा उतार नाही."

त्याने माइक तोंडाशी ओढला. "त्याला सोड. गाडी थांबव."

"रस्त्यात? तुम्हीच तर सांगता—"

"मी सांगतो ते विसर. उजवीकडे बर्फाचा बांध असेल. हळूच गाडी त्याच्यात घाल. आत्ता."

काही क्षण नुसती खरखर आली. त्या खरखरीच्या तळाशी साखळ्या खुळखुळत होत्या.

"घातली," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "अहो, तोही थांबलाय. पुढे. वाट बघतोय."

"गाडीतून उतरू नकोस. मी येतोय. काय वाटेल ते झालं तरी—"

रेडिओ गप्प झाला.

५

बर्नीने एकही प्रश्न विचारला नाही, एवढं त्याचं ऋण. त्याने सगळ्यात मोठा ट्रक काढला, चंद्रशेखर शेजारी बसला आणि ते पातं पाडून निघाले. हमरस्ता त्यांनी अंदाजाने काढला. मिल हॉलोच्या फाट्यावर मात्र अंदाजाची गरजच पडली नाही. रस्ता झाडलेला होता. एका बाजूने.

"शेतकरी कामसू आहे," बर्नी म्हणाला, पण त्याचं चघळणं थांबलं होतं.

ते उतारावरून सावकाश खाली गेले. चंद्रशेखर काचेला नाक लावून बांधाकडे बघत होता. मनात एकच चाललं होतं, ती सापडू दे, पुन्हा कुणाला काही शिकवणार नाही. आणि हेडलाइटच्या उजेडात ती दिसली. निळा कोट घातलेली मृणालिनी रस्त्याच्या कडेला उभी होती, हात खाली सोडून, त्यांच्याकडे पाहत.

त्याने दार उघडून तिला वर ओढलं. त्याला रडू आलं, आणि बर्नीसमोर त्याची लाजही वाटली नाही. ती दोघांच्या मधे बसली.

"गाडी?" त्याने विचारलं.

"खाली राहिली," ती म्हणाली. "चला."

बर्नीने पुढेमागे करत ट्रक वळवला आणि ते चढ चढू लागले. हीटर इतका पेटवलेला होता की बर्नीने टोपी काढून ठेवली. चंद्रशेखरने तिचा हात हातात घेतला. तो थंड होता, साहजिकच होतं. तिच्या केसांवर, खांद्यांवर बर्फ साचला होता. तो झटकावा म्हणून त्याने हात उचलला आणि मग तसाच थांबला. त्याच्या स्वतःच्या टोपीतून पाणी ठिबकत होतं. बर्नीच्या बुटांखाली थारोळं झालं होतं. तिच्या केसांतला एकही कण विरघळला नव्हता.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, मृणालिनी गाडीतून कधीच उतरली नसती.

"अहो," समोरचा रेडिओ खरखरला. "ऐकताय का? तुमच्या ट्रकचे दिवे दिसले मला वर. मग ते वळले. मी इथे खाली आहे. गाडीतच बसलेय, उतरले नाही, तुम्ही सांगितलंत तशी."

बर्नीने रेडिओकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या बाईकडे. "कोण आहे ते? काय म्हणतंय?"

शेजारची समोर पाहत होती. "थांबू नका," ती मराठीत म्हणाली, अगदी मृणालिनीच्या आवाजात. "रस्त्याच्या मधोमध थांबायचं नसतं."

माइक तिच्या पलीकडे होता. तो घ्यायचा तर तिच्या अंगावरून हात न्यावा लागला असता. चंद्रशेखरला ते जमलं नाही. त्याने दार उघडलं आणि चालत्या ट्रकमधून बर्फात उडी मारली.

६

बर्नीची हाक एकदा आली, मग इंजिनाचा आवाज वर वर जात विरला. चंद्रशेखर उतारावरून धावत सुटला. समोरचं दिसत नव्हतं, पण पायाखाली राख करकरत होती, तोवर वाट चुकण्याची भीती नव्हती. पडला, उठला, पुन्हा पडला. टोपी कुठेतरी गेली. मग छातीवर लोखंड आदळलं. फाटक होतं, साखळी-कुलपासकट बंद. आणि त्याच्या पलीकडे, बांधात नाक खुपसून, त्याची गाडी उभी होती. आतला दिवा चालू होता.

फाटकावरून चढून तो पलीकडे पडला आणि गाडीच्या खिडकीला जाऊन भिडला. आत मृणालिनी होती. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून, माइक हातात घट्ट धरून बसली होती. काच बोटभर खाली होती. तिच्या श्वासाने काचेवर धुकं येत होतं, जात होतं. त्याने काचेवर टकटक केली.

"मृणाल," तो म्हणाला. "मीच आहे. उघड."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ओळख होती, पण आनंद नव्हता. ती सीटवर पलीकडे सरकली.

"मृणाल, दार उघड."

तिने माइक तोंडाशी नेला. "अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "खिडकीशी कुणीतरी उभं आहे. तुमच्यासारखं दिसतंय. टोपीबिपी काही नाही, अंगभर बर्फ. उघडू का?"

"अगं, मी इथे आहे—"

"उघडू नकोस," रेडिओ म्हणाला.

आवाज त्याचा होता. बर्फाचा विषय निघाला की त्याला चढे तो मास्तरी सूरसुद्धा त्याचाच होता.

"मी प्लाऊ घेऊन येतोय," तो आवाज म्हणाला. "आलोच. दिवे दिसले की गाडी मागे घे आणि मागे लाग. अंतर ठेव, पण सोडू नकोस."

"बरं," मृणालिनी म्हणाली. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

चंद्रशेखरने काचेवर मुठी आपटल्या. त्याने तिला हाका मारल्या, तिच्या आईचं नाव घेतलं, लग्नातली गोष्ट सांगितली, सकाळी बसलेल्या बॅटरीचं सांगितलं. फटीतून तिने सगळं ऐकलं. तिचे डोळे भरून आले होते.

"माझा नवरा असल्या हवेत गाडीतून उतरणार नाही," ती त्याला म्हणाली. "मी ओळखते त्यांना." आणि तिने काच वर केली.

खालून, पाण्याच्या बाजूने, साखळ्या खुळखुळल्या. पातं घासत वर आलं, त्यांच्यापाशी येऊन संथपणे वळलं आणि त्यांच्याकडे पाठ करून थांबलं. मागचा तांबडा दिवा बर्फात मिणमिणत होता. वर, चालकाच्या खिडकीत, कुणीतरी हात बाहेर काढून या, या, असं खुणावत होतं. त्या मनगटावर चंद्रशेखर रोज बांधी ते त्याच्या वडिलांचं जुनं घड्याळ होतं. त्याने आपल्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ तिथेही होतं.

मृणालिनीने गाडी बांधातून मागे घेतली. तो दाराच्या मुठीला लोंबकळत दोन पावलं फरपटला, मग बोटं सुटली. तो राखेवर उताणा पडला आणि मान उचलून पाहत राहिला. प्लाऊ काठावरून उतरला. मागोमाग गाडीही उतरली, घाई न करता, त्याने शिकवलं होतं नेमकं तेवढंच अंतर ठेवून.